एका घराला एकच कूपन

पोस्टमास्तरीणबाईंनी फॉर्म भरून दुकानातल्या टेबलामागच्या चष्मेवाल्या बाईंपुढे सरकवला, त्यावर तेलाचं कूपन ठेवलं आणि पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात समोरच्या खुर्चीतून आवाज आला, "तुमचं झालं असेल तर पेन देता का जरा?"

विचारणारी त्यांची स्वतःची सून होती.

"घ्या ना," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, परक्या बाईला म्हणावं तशा.

हे नाटक चार वर्षं बिनबोभाट चाललं होतं. दुकानाचा नियम साधा होता, एका घराला एकच कूपन. पण पाच लिटरच्या कॅनवर जवळपास निम्मी सूट मिळत असताना एकच कॅन घेऊन घरी यायचं, हे काही बाईंच्या बुद्धीला पटत नव्हतं. मग एक कूपन आपल्या पेपरातलं, दुसरं शेजारच्यांच्या रद्दीतलं. दोघी घरातून बरोबर निघायच्या, कोपऱ्यावर वेगळ्या व्हायच्या आणि दुकानात शिरल्या की एकमेकींना ओळखायच्या नाहीत. बाईंचा मुलगा गेला त्यानंतरच्या दिवसांत, घरात कुणी कुणाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं तेव्हा, हे सुरू झालं. पहिल्याच खेपेला परत येताना सुनेला हसू फुटलं, मग बाईंनाही आवरेना. पैसे वाचले ते वाचलेच, पण ते हसू बाईंना फार हवं होतं.

पोस्टमास्तरीण हे आपलं गल्लीनं ठेवलेलं नाव. पोस्टमास्तर त्या कधीच नव्हत्या. काही वर्षं खिडकीवर आणि बाकी सगळी नोकरी टपाल वेगळं करण्याच्या टेबलावर, पत्ता वाचायचा आणि पत्र खणात टाकायचं. पत्ता सरळ असो, आडवा असो, उलटा असो, त्यांची नजर अडायची नाही. घरी कूपनंही त्यांनी तशीच लावली होती. साबण, तांदूळ, साखर, प्रत्येकाला वेगळा खण, आणि पुढच्या सहा महिन्यांचं सगळं दोन माणसांच्या बेतानं.

अलीकडे मात्र त्यांना धास्ती लागली होती. जेवताना सून हातातला घास तसाच धरायची आणि म्हणायची, "आई, एक बोलायचं होतं." की लगेच बाई पाणी आणायला उठायच्या. तीन आठवडे झाले, ह्या घरात कुणाला तहान म्हणून लागत नव्हती, इतकं पाणी त्यांनी आणून ठेवलं. कुठंतरी पाणी मुरतंय हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण विचारलं तर उत्तर मिळणार, आणि ही सोडून गेली तर आपलं काय, हा प्रश्न त्यांना उत्तरासकट नको होता.

त्यात आज दुकानानं ही नवी टूम काढलेली. कूपन वापरायचं तर आधी फॉर्म भरा. नाव, पत्ता, घरातली माणसं. दारावरची पाटी वाचून, कुणी बघत नाहीसं पाहून, बाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या होत्या, "तू आपला तुझ्या भावाचा पत्ता लिही. कोण बघायला जातंय?"

आता सून खाली मान घालून लिहीत होती, आणि बाई सवयीनं समोरून वाचत होत्या.

तो भावाचा पत्ता नव्हता. तिसरा मजला, खोली नंबर अकरा, कालव्यापलीकडची नवी वसाहत. सुनेचा हात कुठंच अडखळला नाही. खिडकीवर बाईंनी माणसं लिहिताना पाहिली होती. दुसऱ्याचा पत्ता लिहिणारा थांबतो, वर बघतो, आठवतो. स्वतःचा पत्ता लिहिताना कुणी थांबत नाही. हा पत्ता सुनेनं गेल्या काही दिवसांत बऱ्याच कागदांवर लिहिला असणार, तो आज आपसूक उतरला. त्याच ओघात तिनं घरातल्या माणसांच्या चौकोनात लिहिलं, २.

मग ती थबकली. काय लिहिलंय ते तिच्या ध्यानात आलं. तिनं कागदावर तळवा ठेवला आणि वर पाहिलं. बाई कूपनाकडे बघत होत्या.

चष्मेवाल्या बाईंनी तळव्याखालून फॉर्म ओढून घेतला आणि दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी धरले. "आडनाव एकच दिसतंय. एकाच घरातल्या का तुम्ही?"

सुनेचा चेहरा उतरला. "हो," ती म्हणाली, "म्हणजे आम्ही..."

"माझा फॉर्म द्या बघू इकडे," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. "चूक झालीय."

त्यांनी आपल्या फॉर्मवर माणसांचा चौकोन शोधला. तिथं त्यांच्याच अक्षरात २ होता. तो त्यांनी एका रेघेनं खोडला, शेजारी १ लिहिला आणि खोडलेल्या जागी छोटी सही केली. खाडाखोड केली की सही करायची, ही खात्याची शिस्त.

"घरं वेगळी आहेत आमची," त्या म्हणाल्या. "ही कालव्यापलीकडे राहते. मी इथं, मागच्या गल्लीत."

"पण ओळखता ना एकमेकींना?"

"ओळखते की. चांगली ओळखते."

चष्मेवाल्या बाईंनी जरा वेळ दोघींकडे पाहिलं आणि दोन्ही कूपनांवर शिक्का मारला.

कॅन घेऊन दोघी बाहेर आल्या. सायकलींच्या रांगेपाशी सुनेनं कॅन खाली ठेवले आणि डोळे पुसले.

"मी सांगणार होते, आई. रोज ठरवत होते."

"माहीत आहे. मीच सांगू देत नव्हते." बाईंना तिचा राग आला होता, स्वतःचाही आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. "कोण आहे?"

"आमच्या ऑफिसात आहे. हिशेबनीस."

"स्वभावानं कसा आहे?"

"शांत आहे. बोललेलं ऐकून घेतो."

"मग नशीब काढलंस. आमच्याकडच्यांना तेवढं एक जमलं नाही कधी."

सुनेला रडता रडता हसू आलं. बाई हसल्या नाहीत, पण तिच्या खांद्यावरची पर्सची घसरलेली पट्टी त्यांनी वर सारली.

"कधी जायचंय?"

"एक तारखेला. पण आई, तुम्ही नाही म्हणालात तर..."

"नाही म्हणायचं असतं तर मघाशी आत म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "चल आता, ऊन वाढतंय."

सुनेनं दोन्ही हातांत दोन्ही कॅन उचलले. ते नेहमी तीच उचलायची. बाईंनी हात पुढे केला.

"एक इकडे दे."

"जड आहे हो, आई. तुमचा खांदा दुखतो."

"दे गं. पुढच्या महिन्यापासून मलाच न्यायचाय."

सुनेनं दिला. वीस-पंचवीस पावलांवर बाई थांबल्या, कॅन खाली ठेवला, हात बदलला. सून थांबली. तिनं हात पुढे केला नाही. बाई पुन्हा चालायला लागल्या, तेव्हा तीही निघाली, नेहमीपेक्षा बरीच सावकाश.