एकदाच घेणारा संच

मी एक जुना संच आहे. मित्रांनो, कपबश्यांचा नव्हे. एका प्रसूतिगृहाच्या संगणकात, प्रोग्रॅमच्या आत मी राहतो. एक गोष्ट एकदाच ठेवायची आणि तीच पुन्हा आली तर दारातून परत पाठवायची, हे माझे काम.

नोंदी करणारा कारकून बटण एकदा दाबून थांबेल तर शपथ. एकाच बाळाच्या तीन-तीन नोंदी माझ्या दाराशी येतात. उष्टे ताट कुणी पुन्हा पुढे सरकवावे, तशी मला शिसारी येते.

पण नोंद तीच की वेगळी, हे मी ठरवत नाही. ते मला नोंदींनाच विचारावे लागते आणि काय उत्तर द्यायचे ते प्रोग्रॅमर त्यांना शिकवतो. आमच्या प्रोग्रॅमरने काहीच शिकवले नव्हते. मग प्रत्येक नोंद म्हणायची, मी वेगळी. सगळा कचरा माझ्या पोटात गेला, आणि वर हाच म्हणाला, "हा संच बिनकामाचा आहे."

या कचऱ्यावरून डॉक्टरीणबाईंनी झापल्यावर एका सकाळी त्याने चहा पिता पिता नियम खरडला: आईचे नाव आणि जन्मतारीख जुळली की बाळ तेच. नवजात बाळाला स्वतःचे नाव कुठे असते? माझे पोट क्षणात साफ झाले. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, माझेही कौतुक झाले.

त्याच दुपारी जुळ्या मुली जन्मल्या. इतक्या अशक्त की दोघींना काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आई एक, तारीख एक. धाकटीला मी दारातून परत पाठवले. औषधांचा कागद माझ्यावरूनच छापतात. त्यावर एकच बाळ आले.

"सिस्टर, थोरलीचं झालं. हिचं औषध?" पेटीजवळ बसलेल्या, मुलींच्या मावशीने विचारले.

सिस्टरने कागद उलटसुलट पाहिला, डॉक्टरीणबाईंना हाक मारून आधी धाकटीला औषध दिले आणि मग फोन लावला.

"डुप्लिकेट असेल, म्हणून काढलं गेलं," प्रोग्रॅमर म्हणाला.

"तुमची डुप्लिकेट इथे रडतेय. येऊन बघा."

तो आला. धाकटीच्या पायातल्या पट्ट्यावर तिचा वेगळा नंबर होता. खाली मान घालून त्याने जुनी ओळ पुसली आणि नंबरावरून ओळखायचा नियम लिहिला. आता दोघी बहिणी माझ्यात शेजारी शेजारी आहेत.

कारकुनाच्या कचऱ्याची मला अजून किळस येते. त्या एका ओळीची त्याहून जास्त येते. मित्रांनो, पसारा जरूर आवरा. पण 'हे तेच' म्हणून कुणाला बाहेर काढण्याआधी त्याच्या पायातला पट्टा वाचा. सगळे माझी स्वच्छता वाखाणत होते, तेव्हा माझ्या दाराबाहेर एक बाळ होते.