एक पिशवी, दोन खिडक्या

धाकटी डबा उघडणार तोच थोरलीचा फोन आला. "अगं, तुझ्या प्रोग्रामने एकच पिशवी दोघांना देऊन टाकलीय. अशीच्या अशी नीघ!"

थोरली रक्तपेढीत तंत्रज्ञ आणि धाकटी प्रोग्रामर. तिथल्या पिशव्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम धाकटीचाच. बहिणीच्या वशिल्याने काम मिळालं, हे टोमणे तिने तेव्हा मुकाट गिळले होते. ती डबा तसाच टाकून धावत सुटली.

फ्रिजसमोर दोन्ही खिडक्यांवरचे कर्मचारी तावातावाने भांडत होते. दोघांच्या पावत्यांवर ओ निगेटिव्हच्या एकाच पिशवीचा क्रमांक होता, आणि त्या गटाची दुसरी पिशवीच शिल्लक नव्हती. होती ती ऑपरेशन टेबलावरच्या बाईसाठी गेली. वॉर्डातल्या एका आजोबांसाठी गाडी दुसऱ्या रक्तपेढीकडे पळाली होती.

"एक खिडकी बंद करा," धाकटी म्हणाली.

"रांग दाराबाहेर गेलीय!" रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई कडाडल्या.

"रांग शिव्या देईल, बाई. पण नसलेलं रक्त कबूल केलं तर कुणाचा तरी जीव जाईल."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि एक खिडकी बंद करायला सांगितली.

सगळी माहिती एका फाइलमध्ये होती. ती फाइल सांभाळायची प्रोग्रामच्या पोटात बसवलेली छोटी डेटाबेस लायब्ररी, म्हणजे नोंदी लिहिणारा-वाचणारा तयार कोड. एकजण लिहायला लागला की लायब्ररी फाइलला कुलूप घालणार, आणि दुसऱ्याने थांबायचं, असा नियम. मग दोघे एकदम आत शिरले कसे? धाकटीने स्वतःच्या लॅपटॉपवर शंभरदा करून पाहिलं. काही बिघडेना. बिघडलं असतं तर बरं, असं तिला वाटायला लागलं. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. मधूनच ती दारात जाऊन गाडी आली का बघायची.

शेवटी तिने थोरलीला बंद केलेल्या दुसऱ्या खिडकीच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि पहिलीच्या कॉम्प्युटरवर घटकाभर स्वतः बसली. सरावासाठी खोट्या पिशव्यांची वेगळी फाइल केली, पण खऱ्या फाइलच्या शेजारीच, दोन्ही खिडक्यांना दिसणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. "मी 'हं' म्हटलं की बटण दाब."

दोघी दाबत राहिल्या. मध्येच थोरली ओरडली, "मला मिळाली!"

"मलाही," धाकटी म्हणाली. सामायिक फोल्डरमध्ये एका कॉम्प्युटरने घातलेलं कुलूप दुसऱ्याला दिसतच नव्हतं. म्हणजे खोलीला दारं दोन, आणि कडी एकाच दाराला. लॅपटॉपवर एकच दार होतं, म्हणून तिथे सगळं आलबेल.

"असं होतं गं कधीकधी," थोरली सहज बोलून गेली. "आम्ही त्याच गटाची दुसरी काढून द्यायचो आणि नोंद बदलायचो."

धाकटी वळली. "याआधीही झालंय?"

थोरलीने मान डोलावली.

"ताई, मला का नाही सांगितलंस?"

"वशिल्याचं काम म्हणून आधीच लोक बोलत होते. त्यात आणखी तेल कशाला ओतू? दुसरी पिशवी असायची ना नेहमी."

"आज नव्हती."

थोरलीचा चेहरा पडला. धाकटीला तिच्यावर चिडायचं होतं, पण तिला तेही धड जमलं नाही. तेवढ्यात वॉर्डातून निरोप आला: गाडी पोचली, आजोबांना रक्त चढायला लागलं. थोरली पदराने डोळे पुसू लागली.

पुढचे काही दिवस धाकटीचं जेवणावर लक्ष नव्हतं. फाइल आता एकाच कॉम्प्युटरवर ठेवली. फाइलला हात लावायचा तो तिथल्या एकाच प्रोग्रामने, खिडक्यांनी फक्त मागणी करायची. त्या प्रोग्रामच्या आतही एकाच वेळी दोन कामं चालत. तीही एकमेकांच्या पायात पाय घालणार नाहीत, अशी तिने एकामागोमाग एक रांगेत लावली. मग पुन्हा दोघींनी बसून बटणं दाबली. दर वेळी एकीलाच पिशवी मिळाली, दुसरीला नकार.

"झालं की आता," थोरली म्हणाली.

"सापडलं तेवढं झालं," धाकटी म्हणाली. "आणि ताई, काही चुकलं की आधी मला सांगायचं. लोक काय बोलायचं ते बोलू देत."

दुसरी खिडकी उघडली. धाकटी घरी न जाता तिथेच मागे उभी राहिली आणि प्रत्येक पावतीवरचा क्रमांक मान वाकडी करून वाचू लागली. शेवटी एक कर्मचारी वैतागला. "मॅडम, जरा उजेड सोडा."