माझा कान कोणी वाकवला

मी एक जुनी गेजपट्टी आहे, मित्रांनो. दोन रुळांमधलं अंतर बरोबर आहे की नाही, एवढंच सांगणं माझं काम. एक लोखंडी दांडा आणि दोन टोकांना दोन कान. हे कान रुळांना आतून नीट टेकले, की समजायचं गाडी सुखरूप जाईल.

१९६१ साली मी रुपरावसाहेबांच्या हाती आले. ते नागपूरला रेल्वेत इंजिनियर होते. सावनेरकडच्या छोट्या लाईनची देखभाल त्यांच्याकडे होती. रोज सकाळी ते मला तेलाच्या फडक्याने पुसत, मगच डबा उचलत. "आधी माह्या सवतीची आंघोळ, मंग माहा डबा," असं त्यांची बायको मनकर्णाबाई हसून म्हणत.

१९६६ च्या उन्हाळ्यात एका वळणावर मी सैल पडले. रूळ फाकले होते, खालचे लाकडी स्लीपर कुजले होते. साहेबांनी त्याच दिवशी वरच्या साहेबांना, म्हणजे कृष्णकांतांना, चिठ्ठी दिली. गाड्या सावकाश सोडा, स्लीपर बदला. कृष्णकांतांनी ती खणात टाकली. आठव्या दिवशी मालगाडी घसरली आणि रुळाशेजारी काम करणारा गँगमन बळीराम डब्याखाली गेला.

चौकशी लागली. तिच्या आदल्या दुपारी, चौकशीसाठी मला जमा केलं होतं त्या गोदामात कृष्णकांत एकटेच आले. त्यांनी ती चिठ्ठी जाळली. मग मला ऐरणीवर धरून माझ्या डाव्या कानावर हातोडा घातला. तीन घाव. दुसऱ्या दिवशी समितीपुढे मला उचलून म्हणाले, "पट्टीच वाकडी आहे. या माणसानं वळण कशावरून बसवलं असेल?"

मला तोंड नव्हतं, म्हणून ते वाचले.

रुपरावसाहेबांना पदावरून खाली उतरवलं. रेल्वेचा बंगला गेला, संसार प्रताप नगरातल्या दोन खोल्यांत आला. पुढे नीलाला, त्यांच्या मुलीला, बघायला आलेली मंडळी "ते अपघातवाले इंजिनियर हेच का?" विचारून उठून गेली. पण सगळ्यात खोल रुतलं ते बळीरामच्या बायकोचं बोलणं. पंचफुला दारातच उभी राहिली होती.

"साहेब, तुमी त मोजलं होतं न? मंग माहा माणूस काहून मेला?"

मला भंगारात टाकलं होतं. साहेबांनी मला मागून घरी आणलं आणि भिंतीवर टांगलं. पुसणं सुटलं नाही. पूर्वी मायेनं पुसत, आता दात आवळून.

"आता तरी काढा जी तिले," मनकर्णाबाई म्हणत.

"राहू दे वं. एक दिवस ही कामी येईल."

बारा वर्षं मीही त्या दिवसाची वाट पाहिली.

१९७८ साली सावनेरजवळ एका कोळसा खाणीसाठी त्याच छोट्या लाईनला जोडणारा नवा रूळ टाकला गेला. काम ठेकेदाराचं होतं आणि देखरेख निवृत्त झालेल्या कृष्णकांतांची. तो रूळ तपासायला रेल्वेकडून रुपरावसाहेब गेले, मला काखेत घेऊन. खाणीचे मॅनेजर आले होते, मजूर होते. पंचफुला तिथेच गिट्टी वाहत होती. साहेबांना ते ठाऊक होतं.

त्यांनी मला रुळांवर ठेवलं. रूळ बरोबर होते, मला ते कळत होतं. पण वाकडा कान टेकेना.

"नापास," साहेब म्हणाले. पुढच्या जागी ठेवलं. "नापास. उखडा सगळं."

कृष्णकांतांनी मला ओळखलं. "रुपराव, रूळ ठीक आहेत. पट्टी वाकडी आहे."

"हिच्यावरूनच माझा निकाल लागला होता. आज तुमचा लागू द्या."

"अरे, ती तर मी..."

"पुरं बोला. त्या बाईले ऐकू येऊ द्या."

कृष्णकांत मान खाली घालून म्हणाले, "पट्टी मी ठोकली. यांची चिठ्ठी मी जाळली. यांनी गाड्या सावकाश सोडा म्हणून कळवलं होतं."

पंचफुलेनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. ती कृष्णकांतांपुढे जाऊन उभी राहिली.

"बारा वर्सं मी चुकीच्या माणसाले शिव्या देल्या," ती म्हणाली. "आता त्या साऱ्या तुमच्या नावानं."

कृष्णकांतांनी रुपरावसाहेबांपुढे हात जोडले. साहेबांनी जोडले नाहीत. त्यांनी पिशवीतून नवी पट्टी काढली, रूळ खरेपणानं मोजला आणि पास केला. मला मात्र वाटत होतं, उखडू द्यावा सगळा.

मॅनेजरांनी घडलं ते लिहून वर कळवलं. गेलेलं पद काही परत आलं नाही. पण त्या दिवाळीला पंचफुला प्रताप नगरात आली आणि आत येऊन बसली.

मित्रांनो, तुमच्या घरी तराजू असेल, फूटपट्टी असेल, तर ती कोरडी ठेवा, पुसत जा. आणि तिला कधी खोटं बोलायला लावू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्हाला विसरताही येत नाही.