न मारता बोलतं करणारी बाई

गिरणीतून सुटला की कोंडीराम चाळीच्या जिन्याशी बसायचा आणि वर चढणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे बघायचा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती आणि साध्या कपड्यातला पोलीस बुटांवरून ओळखू येतो, असं त्याचं मत होतं. भिण्याला कारणही होतं. मोर्चात एका फौजदाराची हॅट दगडाने उडाली होती. तो दगड कोंडीरामच्या धाकट्या भावाचा, भिवाचा, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. पोलिसांना कळायचं तेवढं राहिलं होतं. तेव्हापासून भिवाचा मुक्काम खोलीतल्या माळ्यावर.

त्या दिवशी कोंडीरामच्या मागोमाग जिना चढून त्याच्या दारात आली ती एक बाई. पायात साध्या चपला, म्हणजे बूट घालू नयेत एवढी अक्कल असलेली. डोळ्यांवर चष्मा, बोलणं गिरगावातलं, हातात कागदपेन्सिल काही नाही. लिहून न घेणारा माणूस कोंडीरामला जास्त धोक्याचा वाटे. तो सगळं डोक्यात ठेवतो.

"तुमच्याकडे एक आहे ना, बोलत नाही?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"लपवू नका हो. आमच्याकडे पाठवा. न मारता बोलतं करतो आम्ही."

कोंडीराम दारात आडवा झाला. मारून बोलतं करणारे त्याच्या माहितीचे होते. न मारता करणारे म्हणजे थेट वरच्या ऑफिसातले.

तेवढ्यात पडद्यामागून त्याची बायको सुंदराबाई बाहेर आली. तिच्या कडेवर आठ वर्षांची चंपा, मान एका बाजूला कललेली. पोर कधी बोलली नव्हती, चालली नव्हती. आधी देवरुषी झाला. बौद्ध धर्म घेतला तसा तो बंद झाला. दवाखान्यात नेली तर, अशीच राहायची, घरी ठेवा, म्हणाले. बाई कुणाबद्दल विचारतेय हे सुंदराबाईला पहिल्याच वाक्यात कळलं होतं. चंपाला नेणारच, असं तिने सांगून टाकलं.

कोंडीरामने मनात हिशोब मांडला. पोर पाठवली तर बाईची घरात ये-जा सुरू होणार, आणि वर भिवा. नाही पाठवली तर ती पडद्यामागेच म्हातारी होणार.

बाईने सांगितलं होतं तसं गुरुवारी मायलेकी निघाल्या, तो त्यांच्या मागोमाग परळच्या इस्पितळात गेला, थोडं अंतर ठेवून. तिथल्या आयाकडून त्याने खोदून खोदून माहिती काढली. ही सुमती नवलकर, मुलांची डॉक्टर. असल्या पोरांसाठी जागा कशाला अडवायची, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. मग हिने मोडक्या खाटांची खोली रिकामी करून घेतली. पोरं येईनात, तेव्हा स्वतः चाळी चढायला लागली. आत बघतो तर डॉक्टरीणबाई सतरंजीवर बसलेली, आणि एक आई दुसरीला, पोराला ठसका न लागता पेज कशी भरवायची ते दाखवतेय. कोंडीरामने कपाटामागे डोकावून घेतलं. तिथे चिंध्यांचे चेंडू होते.

तिथे शिकवलेला नेम सुंदराबाईने घरी सुरू केला. प्रत्येकाकडे बोट दाखवून नाव सांगायचं आणि थांबायचं. पोरीच्या वतीने आपण उत्तर द्यायचं नाही. थांबणं तिला सगळ्यात जड गेलं.

पावसाळा सरता सरता डॉक्टरीणबाई चंपाला बघायला घरी आली. कोंडीराम दाराला पाठ लावून उभा. चंपाने मान सावरली, हात हळूहळू वर नेला, थेट माळ्याकडे.

"का-का," ती म्हणाली.

सुंदराबाईने तोंडात पदर कोंबला. कोंडीरामला एकाच वेळी रडू आलं आणि घाम फुटला.

"शेवटी बोलतं केलंत, बाई," तो म्हणाला.

वर फळी करकरली. डॉक्टरीणबाईने मान वर करून बघितलं. माळ्याच्या कडेला पायाचा एक अंगठा होता, तो आत गेला. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"छान झालं. आता तिला 'हळू' शिकवा."

एवढं बोलून ती निघाली. कोंडीराम तिच्या मागे गेलाच. चौकीकडे वळते की काय, ते बघायला हवं होतं. ती शेजारच्या दगडूच्या दारात थांबली. तुमच्याकडे एक आहे ना, बोलत नाही, तिने विचारलं. कोणी नाही, दगडू म्हणाला, आणि बाईच्या खांद्यावरून कोंडीरामकडे बघून त्याने भुवया उडवल्या. ही कोण?

"सी.आय.डी. आहे," कोंडीराम म्हणाला. "पण आपली. पोराला बाहेर आण."