यादीतलं शेवटचं नाव

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी परिपत्रकावर सही केली आणि कॉलेजातल्या सगळ्यांची तोंडं संचालकांच्या केबिनकडे वळली. माझंही वळलं. मान दुखली नाही. आतापर्यंत समोर लायब्ररीची खिडकी होती, ती जाऊन भिंत आली. त्या भिंतीच्या पलीकडे, एक जिना आणि एक पोर्च सोडून, केबिन होती.

चूक माझीच. आमच्याकडे परिपत्रक निघालं की शिपाई लेंगरे मामा वही घेऊन स्टाफरूममध्ये येतात आणि सेवाज्येष्ठतेप्रमाणे सगळे सह्या करतात. वाचत कुणी नाही. खालच्याला वाटतं, वरच्यांनी वाचलं असेल. वरच्याला वाटतं, खालचे वाचतीलच. सोळा जणांच्या यादीत माझं नाव शेवटचं. माझी सही झाली की परिपत्रक अमलात येतं. मी अकरा वर्षं डोळे झाकून अमलात आणत होतो.

"मामा, काय होतं हो त्यात?" मी भिंतीला विचारलं. मामा माझ्या पाठीमागे होते.

"समद्यांनी एका दिशेला तोंड करून बसायचं, असं हाय म्हणं. मी तरी कुठं वाचलंय?"

एवढं बोलून मामा उलट्या पावलांनी स्टाफरूमबाहेर गेले. त्यांना ते पहिल्याच खेपेला जमलं.

बुधवारपर्यंत सगळ्यांनाच जमलं. केबिनपासून लांब जायचं तर उलटं चालायचं, बस्स. कँटीनमध्ये चहा खांद्यावरून मागे दिला जायचा आणि मागचा तो घ्यायचा. गेटाबाहेर मान सुटायची, पण बरेच जण सवयीने बसस्टॉपपर्यंत तसेच जायचे. स्टाफपैकी कुणी तक्रार केली नाही. उलट, बोलताना समोरच्याकडे बघावं लागत नाही हे बरंच झालं, असं दोघातिघांनी मला सांगितलं. सगळे इतके निवांत होते की आपल्यालाच काहीतरी कळलेलं नाही असं वाटायला लागलं.

मला अडचण होती ती गोलाची. मी व्यवस्थापन शिकवतो, आणि माझ्या तासाला खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. मध्ये काही नसतं. अठरा विद्यार्थी मिळून कागदी कपांचा एक कारखाना चालवतात, जो कुठेच नाही. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. कुणी कामगार झालं, कुणी गिऱ्हाईक, कुणी कच्चा माल देणारा. मालकाची चिठ्ठी रेणुका पुकळेला निघाली. रेणुका आटपाडीकडची, वडिलांची मेंढरं आहेत. आधीचं वर्षभर ती हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. चिठ्ठी बघून ती म्हणाली, "सर, दुसऱ्या कुणाला तरी द्या." मी काही बोललो नाही. माझ्या तासाला बोलायचं नाही, हा माझा एकमेव नियम आहे आणि तो फक्त मला लागू आहे.

पाचव्या आठवड्यात कारखान्यात संप झाला. सातव्या आठवड्यात रेणुका संपवाल्यांना म्हणाली की, मशीन माझं आहे, पण ते कधी बिघडतं ते तुम्हाला आधी कळतं, तर मग मालक नक्की कोण? संपवाले एकमेकांकडे बघायला लागले. मी माझा नियम पाळला, पण आनंदाने. बाराव्या आठवड्यात, शुक्रवारी, ती आपला निर्णय सांगणार होती: कारखाना बंद, की कामगारांच्या हाती, की आणखी काही. तो काय असेल हे मला माहीत नव्हतं. विद्यार्थ्याच्या तोंडून मला माहीत नसलेलं काहीतरी ऐकायला मिळेल, या आशेवर मी अकरा वर्षं काढली होती. मला तो शुक्रवार हवा होता.

आता गोलात बसलं की निम्म्यांना निम्म्यांच्या पाठी दिसत. दोन तास असेच वाया गेले. तिसऱ्या तासाला रेणुकाने पिशवीतून मोटारसायकलचा आरसा काढला आणि गुडघ्यावर उभा धरला. त्यात तिला मागची पोरं दिसू लागली. दुसऱ्या दिवशी अठराही जणांकडे आरसे होते. दाढीचे, पावडरच्या डबीतले, एकाकडे तर बाथरूममधला, खिळ्यासकट. सगळे केबिनकडे तोंड करून बसले होते आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघून भांडत होते. मला हसू आवरेना, आणि थोडं रडूही आलं.

संचालकांनी मला बोलावलं. संचालक म्हणजे डॉ. रायबागकर, ते नेतृत्व शिकवतात, स्लाइड लावून. लोकशाही नेतृत्वाची स्लाइड चौदावी आहे, ती मुलं न विचारता उतरवून घेतात. केबिनला जाणं सोपं होतं, तोंड तिकडेच होतं. सर टेबलाशी बसले होते. सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे, तर त्यांचं कुठे वळणार, हा प्रश्न मला सोमवारपासून पडला होता. ते टेबलाच्या काचेत बघत होते.

"विभुते सर, तुमच्या वर्गाबद्दल चांगलं कानावर येतंय," ते काचेला म्हणाले. "तो माझ्यापासून इतका लांब का ठेवलाय?"

वर्ग पूर्वीपासून तिथेच आहे, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मी उलटा चालत बाहेर आलो. दरवाजाच्या मुठीवर कोपर आपटलं.

पुढचं परिपत्रक मंगळवारी माझ्या तासातच आलं. कामगारांचा पुढारी रेणुकाला आरशातून विचारत होता की, नुकसान झालं तर तू काय करणार, आणि ती उत्तर देणार एवढ्यात मामांनी वही पुढे केली. वाचत बसलो असतो तर डाव मोडला असता. मी वही मांडीवर घेतली आणि न बघता सही केली. डाव मोडू नये म्हणून केली, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

समोरची भिंत राहिली नाही. वर्ग थेट केबिनमध्ये उघडला. रायबागकर सरांचं टेबल, त्यावरची काच, मागच्या ट्रॉफ्या, सगळं आमच्या पहिल्या खुर्चीपासून चार पावलांवर आलं. नंतर कळलं की, प्रत्येक वर्गासमोर तेच झालं होतं, आणि प्रत्येक वर्गासमोर तेच टेबल होतं. सर आमच्याकडे बघत नव्हते. "चालू द्या," ते म्हणाले.

रेणुकाचं उत्तर तोंडातच राहिलं. गुरुवारपर्यंत सहा जणांनी आरसे घरी ठेवले. संपवाले मागण्या करण्याआधी टेबलाकडे बघायचे, गिऱ्हाइकं सगळ्याला बरं म्हणू लागली. तास संपल्यावर रेणुका उलटी चालत माझ्यापाशी आली आणि पाठमोरीच हळू आवाजात म्हणाली, "सर, माझं ठरलंय. उद्या सांगते. पण उद्या तुम्ही सही करू नका."

मी तिला शब्द दिला. आता काही आलं तर आधी वाचणार, अक्षरन् अक्षर वाचणार आणि पटलं नाही तर सही करणार नाही. एवढी साधी गोष्ट अकरा वर्षांत का सुचली नाही, याची मला लाज वाटली. घरी गेल्यावर मी चष्मा साबणाने धुऊन ठेवला.

शुक्रवारी अठराही जण आले. आरसे मात्र अकराच होते. रेणुका मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली, सरांकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून. हातात मोटारसायकलचा आरसा होता. त्यात तिचं कपाळ आणि डोळे दिसत होते. ते माझ्याकडे होते.

तेवढ्यात लेंगरे मामा आले.

"सर, तुमचीच राहिलीया. करा की."

"थांबा मामा. आधी वाचतो."

मामांनी पुढे केलेली वही अर्धी मागे घेतली. एवढ्या वर्षांत असं कुणी म्हटलं नसावं. मी वही घेतली, पेन मुद्दाम खिशातच ठेवलं. वर पंधरा सह्या होत्या. सर काचेत बघत होते. वर्ग वाट बघत होता. मी वाचायला लागलो. अध्यापनात एकवाक्यता असावी म्हणून प्रत्येक वर्गात एकच आवाज राहील. तो आवाज त्या वर्गाच्या शिक्षकाचा असेल. मी मनात म्हटलं, ही सही तर मी मेलो तरी करणार नाही. खाली आणखी एक ओळ होती. हे परिपत्रक शेवटपर्यंत वाचणे हीच संमती समजण्यात यावी व स्वतंत्र सहीचा आग्रह धरू नये.

ती ओळ मी वाचून संपवली. मामांनी माझ्या हातातून वही हळूच काढून घेतली.

"तुमचाच आवाज ठेवलाय, विभुते सर," रायबागकर सर म्हणाले. "तुम्हाला तर आनंद व्हायला हवा."

रेणुकाला यातलं काही कळलेलं नव्हतं. पेन माझ्या खिशातच आहे हे तिने आरशातून पाहिलं असावं, कारण तिचे डोळे हसले. तिने श्वास घेतला आणि निर्णय सांगायला सुरुवात केली. "मी मालक म्हणून असं ठरवलंय की," असे शब्द आले. ते माझ्या आवाजात आले. थोडा घोगरा, शेवटचं अक्षर ओढणारा, मला चांगला ओळखू येणारा. मुलांनी वह्या उघडल्या आणि ती उतरवून घ्यायला लागली.

मी ओठ घट्ट मिटले होते. माझ्या नियमाप्रमाणे मी एक शब्दही बोलत नव्हतो, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

रेणुका थांबली. तिने एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातातला आरसा थोडा खाली वळवला, म्हणजे त्यात मला तिचं नाही, माझं तोंड दिसेल. आरशातले ओठ हलत होते.