जिभेवरचं कवच

लंडनमधल्या एका संग्रहालयाच्या तळघरात इमोजेन सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली होती. दीडशे वर्षांपूर्वी एका जहाजाने समुद्रतळातून आणलेली, सूक्ष्म सागरी जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचं समोरच्या पट्टीवर डिंकाने चिकटवलेली होती. समुद्राचं पाणी आता अधिक आम्लधर्मी होतंय, त्याने कवचं पातळ झाली का, हे तिला मोजायचं होतं. तिला हव्या त्या जातीचं जुनं, धड कवच एकच उरलं होतं.

तिने ओल्या कुंचल्याने डिंक सोडवला. टोक विस्कटलं म्हणून कुंचला सवयीने ओठांत धरला आणि पुन्हा पाहिलं, तर पट्टीवरची जागा रिकामी.

“पास्को सर, कवच गेलं!”

निवृत्तीनंतरही शिकवायला येणारे पास्को शांतपणे म्हणाले, “बोलू नकोस. गिळू तर मुळीच नकोस. कुंचला तोंडात घातलास ना? इथे सगळेच घालतात.” त्यांनी काचेची बशी पुढे केली. “थुंक. लाजतेस काय?”

ती थुंकली. त्यांनी वर थोडं पाणी सोडलं आणि बशी भिंगाखाली सरकवली. “आता तूच शोध. सावकाश.”

“हे पिवळं काय आहे?”

“सकाळचं बिस्कीट. पुढे बघ.”

बुडबुड्यांमागे ते पांढरं कवच दिसलं. “धड आहे, सर!”

ते उचलायला तिने कुंचला घेतला. टोक पुन्हा विस्कटलेलं होतं. तिने ते आधी भिंगाखाली नीट पाहिलं आणि मग पाण्याच्या वाटीत बुडवलं.