दोन हातांमधला धोटा

मी भिवंडीतला एक धोटा आहे. लाकडी, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंड. पोटात सुताची कांडी घेऊन मी यंत्रमागावर वीस वर्षं धावलो. बिनधोट्याचे माग आले, तशी माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला धम्मदिनाताईंनी उचललं.

गुन्हा सोसलेलं माणूस आणि गुन्हा केलेलं माणूस, दोघांची तयारी असेल तर ताई त्यांना समोरासमोर बसवतात. नियम एकच: ज्याच्या हातात धोटा, त्यानेच बोलायचं. एवढ्याने काय होणार, असं मला वाटायचं. अजूनही सगळं कळलंय असं नाही.

एका रविवारी पडघ्याच्या सीताबाई आल्या. समोर दीपेश, सात वर्षांची शिक्षा भोगून सुटलेला. मागाच्या कारखान्यात शिफ्टवरून झालेल्या भांडणात त्याने सळई मारली आणि सीताबाईंचा धनेश गेला.

सीताबाईंनी मला घट्ट धरलं. "येकच सांग. माज्या पोरानं पयला हात उचलला व्हता का? तू कोर्टात तसं बोललास. गाव आजून तेच बोलतंय."

मग मी दीपेशच्या हातात गेलो. त्याने मला सरळ तोंडाला लावलं! सूत ओवताना कारागीर माझ्या भोकाला ओठ लावून धागा ओढून घेतात. घाबरलेल्या हातांना तेवढंच आठवलं.

"सूत न्हाय त्यात, येड्या," सीताबाई नियम मोडून म्हणाल्या. "बोल."

"न्हाय, मावशे. वकील बोलला म्हणून मी..." तो थांबला. "वकील न्हाय. मीच खोटं बोललो. धनेश लूम बंद करत व्हता. त्याची पाठ व्हती माज्याकडं."

सीताबाईंनी मला परत घेतलं.

"माफी मागू नको. देता येल का, मला ठावं न्हाय. पन ह्येच पडघ्याच्या नाक्यावर बोलशील?"

दीपेशने मानेनेच हो म्हटलं. "ताई, ह्या धोट्याला संगती नेऊ?"

पुढच्या रविवारी नाक्यावरच्या चहाच्या टपरीपुढे मी त्याच्या मुठीत होतो. "काय रं, जेलात कीर्तन शिकलास काय?" कोणीतरी हसलं. तो बोलत राहिला. ट्रकच्या हॉर्नमध्ये 'पाठ' हा शब्द बुडाला. तो थांबला, ट्रक जाऊ दिला आणि पुन्हा म्हणाला, मोठ्याने. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलं माझं, पण इतका धीट आवाज मी ऐकला नव्हता.

बाजूला उभ्या असलेल्या सीताबाई चहा न घेताच निघाल्या. तोंडावर ओढलेला पदर त्यांनी मागे सारला आणि भर बाजारातून, माणसांकडे बघत घरी गेल्या.

आता मी ताईंच्या टेबलावर असतो. प्रत्येक वेळी असंच होईल, याची मला खात्री नाही. तरी कोणाला असं काही विचारायचं राहिलं असेल, तर बोलवा. मी येईन.